नऊ शतके आणि ३५४ धावांचा पराभव
महाराष्ट्र क्रिकेट संघाचा १९४८-४९चा हंगाम

रणजी करंडकावर महाराष्ट्राचे नाव दोनदा कोरले गेले आहे. पहिल्यांदा १९३९-४० साली आणि लगेच पुढच्या, १९४०-४१च्या हंगामात. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. त्यानंतर आजवर तो करंडक महाराष्ट्राच्या घरी आलेला नाही. त्यामुळे संघाचा इतिहास लिहायला घेतला, की लेखणी त्या दोन वर्षांभोवती घुटमळते आणि तिथून एकदम चंदू बोर्डे, केदार जाधव, ऋतुराज गायकवाड यांच्यापर्यंत उडी मारते. मधली वर्षे दोन-चार ओळींत आटोपतात. मला इथे त्या मधल्या वर्षांतलाच एक हंगाम सविस्तर सांगायचा आहे. त्या हंगामाची अखेर ३५४ धावांच्या पराभवाने झाली. तरीही महाराष्ट्राच्या संघाची खरी ओळख मला त्या दोन करंडकांपेक्षा या पराभवात अधिक पटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या भवानीनगरच्या तरुण वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो. क्रिकेटमधला 'महाराष्ट्र' म्हणजे संपूर्ण महाराष्ट्र राज्य नव्हे. रणजी करंडक सुरू झाला १९३४ साली आणि राज्य झाले १९६० साली. मुंबईचा संघ पहिल्यापासून वेगळा होता आणि विदर्भाचा मुलूखही वेगळा खेळत होता. राज्य एक झाले तरी मैदानावरच्या या वाटण्या तशाच राहिल्या. पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर, नाशिक अशा जिल्ह्यांचा तो महाराष्ट्र संघ. म्हणजे बारामती-इंदापूरचा पोरगा पुढे गेला, तर त्याला टोपी मिळणार ती याच संघाची. मुंबईने हा करंडक चाळीसहून अधिक वेळा जिंकला आहे, विदर्भानेही अलीकडच्या काळात जिंकून दाखवला. या दोघांच्या मध्ये आपला संघ १९४१पासून वाट पाहतो आहे.

तो संघ घडला पुण्याच्या कॉलेजांच्या मैदानांवर. देवधर स्वतः सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकवीत. १९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईच्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा केल्या. हिंदुस्थान कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे हे इंग्रजांना पटवून देणाऱ्या मोजक्या खेळींत तिची गणना होते. पुढे १९४०-४१च्या हंगामात, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. वर्गात संस्कृत शिकवणारा आणि मैदानावर दिवसभर उन्हात उभा राहणारा हा माणूस महाराष्ट्राच्या क्रिकेटचा पहिला खांब होता. त्या काळात पुण्याची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे विद्यापीठाची स्थापना झाली १० फेब्रुवारी १९४९ रोजी. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण ज्या सामन्याकडे मी येणार आहे तो त्यानंतर महिन्याभराच्या आत सुरू झाला.

करंडक जिंकले, पण ते जिंकून देणारी माणसे राहिली नाहीत. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९३९-४० साली पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. ते रणजी करंडकातले पहिले त्रिशतक. त्यानंतर थोड्याच काळात हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्या संघाची गोलंदाजी त्यांनी फोडून काढली होती, त्याच संघाचे ते आधारस्तंभ झाले. कोल्हापूरचे दत्तू फडकर सुरुवातीला महाराष्ट्राकडून खेळले आणि मग मुंबईकडे गेले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. क्रिकेटवर घर चालत नव्हते. संस्थानिकांच्या पदरी नोकरी होती, पगार होता. मुंबईत कंपन्या होत्या, क्लब होते आणि निवड समितीची नजरही होती. पुण्याकडे देण्यासारखे काय होते, तर मैदाने, गुरू आणि खेळाची आवड. १९४१ ते १९५३ या काळातल्या विजेत्यांची यादी पाहिली, तर बडोदा, होळकर आणि मुंबई हीच नावे पुनःपुन्हा दिसतात. महाराष्ट्र माणसे घडवत राहिला आणि करंडक दुसरीकडे जात राहिला.

अशा काळात १९४८-४९चा हंगाम आला. देश नुकता स्वतंत्र झालेला, गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीच्या खुणा ताज्या होत्या. संस्थाने एकामागून एक विलीन होत होती. आज भवानीनगरात जिथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा आहे, तिथे तेव्हा कारखाना नव्हता. नीरा डाव्या कालव्याचे पाणी मात्र या रानात कधीचेच खेळत होते.

हंगामातला काठियावाडविरुद्धचा सामना १६ डिसेंबर १९४८ रोजी पुणे क्लबच्या मैदानावर सुरू झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राचा पहिला गडी ८१ धावांवर बाद झाला आणि तिसऱ्या क्रमांकावर भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर खेळायला आले. जन्माने कोल्हापूरचे, चारच दिवसांपूर्वी त्यांनी एकोणतीस वर्षे पूर्ण केली होती. सलामीचे भांडारकर आणि ते यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तीनशे झाल्या, चारशे झाल्या. ४९ चौकार, एक षटकार, आणि आठ तासांहून अधिक काळ खेळपट्टीवर पाय रोवलेले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, त्यात एकट्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३.

प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्या वेळचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता. जानेवारी १९३० मध्ये सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२. निंबाळकरांना तो गाठायला नऊ आणि मोडायला दहा धावा हव्या होत्या. मध्यंतर झाले. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांना सांगितले, की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही परत जातो. आणखी दोन षटके खेळू द्या, मग डाव सोडतो, असे महाराष्ट्राने सुचवले. ठाकूरसाहेबांनी ते मानले नाही. संघ सामना सोडून निघून गेला. महाराष्ट्र जिंकला आणि निंबाळकर नऊ धावांनी मागे राहिले.

या प्रसंगावर फार लिहिले गेले आहे आणि बहुतेक सगळे ठाकूरसाहेबांवर रागावून. तो राग मलाही येतो. पण त्या वर्षाचे मानही पाहावे लागते. काठियावाडची संस्थाने १९४८च्या फेब्रुवारीत विलीन होऊन सौराष्ट्र राज्यात गेली होती. मैदानावर कर्णधार म्हणून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या गादीचे अधिकार अवघ्या दहा महिन्यांपूर्वी संपले होते. त्यांच्या मनात काय चालले होते हे कोणी सांगू शकत नाही. एवढे मात्र नक्की, की २३८ला ८२६ असे उत्तर मिळालेला, तासन्‌तास चेंडूमागे धावलेला संघ दुसऱ्याच्या विश्वविक्रमात आपले नाव कायमचे गोवले जाऊ नये म्हणून मैदान सोडून गेला, आणि त्यामुळेच ते नाव कायमचे गोवले गेले. खिलाडूपणाच्या दृष्टीने ही गोष्ट गैर होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दोन षटकांत जगबुडी होणार नव्हती.

ब्रॅडमन यांनी निंबाळकरांचे कौतुक करणारा निरोप पाठवला, असे निंबाळकर पुढे सांगत. कसोटी संघाची टोपी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. पुढे ते होळकर आणि रेल्वेकडूनही खेळले. २०१२च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. तोवर लारा आणि हनीफ महंमद ब्रॅडमन यांच्याही पुढे गेले होते. पण भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणी सामन्यात चारशेचा पल्ला ओलांडला, असे आजही एकदाच घडले आहे. पुण्यात, महाराष्ट्राकडून.

लोकांच्या आठवणीत हा हंगाम तिथेच संपतो. प्रत्यक्षात तो संपला तीन महिन्यांनी, मार्चमध्ये.

उपांत्य सामना मुंबईशी पडला, पुण्यातच. ५ मार्च १९४९. त्याच्या चारच दिवस आधी, १ मार्चला, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. मुंबईच्या संघाकडे नजर टाकली की आपलीच माणसे दिसतात. यष्टिरक्षक आणि फलंदाज माधव मंत्री नाशिकचे. सुनील गावसकरांचे मामा म्हणून पुढच्या पिढीला ते ठाऊक आहेत. दत्तू फडकर कोल्हापूरचे. महिन्यापूर्वीच ब्रेबर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाचव्या कसोटीत फडकर शेवटपर्यंत नाबाद राहिले होते आणि भारताचा विजय सहा धावांनी हुकला होता. हजारे यांच्या १२२ धावा त्याच डावातल्या. तिसरे नाव उदय मर्चंट यांचे, विजय मर्चंट यांचे हे धाकटे बंधू.

महाराष्ट्राच्या बाजूला निंबाळकर होते. देवधरांचे चिरंजीव शरद देवधर होते. आणि पनवेलचे मधुसूदन रेगे होते. रेगे यांच्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. जानेवारीच्या अखेरीस मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध चौथ्या कसोटीत ते सलामीला खेळले होते. सलग पाच कसोटी डावांत शतके काढून आलेला एव्हर्टन वीक्स ज्या कसोटीत ९० धावांवर धावबाद झाला, तीच ही कसोटी. रेगे यांनी १५ आणि ० धावा केल्या आणि भारत डावाने हरला. त्यांना पुन्हा कधी कसोटी मिळाली नाही. एका सामन्यात त्यांची कसोटी कारकीर्द उरकली होती, आणि पाच आठवड्यांनी ते पुण्यात पॅड बांधून मुंबईसमोर उभे राहिले.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. मंत्री २००, मर्चंट १४३, फडकर १३१. मार्चचे पुण्यातले ऊन आणि समोर मुंबईची फलंदाजी, यात गोलंदाजांचे काय होत असेल याची कल्पना आपल्याला करता येते. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४०७ केल्या. त्यातल्या १४३ दातार यांच्या आणि १३३ रेगे यांच्या. म्हणजे या दोघांच्या मिळून २७६, बाकीच्या सगळ्यांच्या अवांतर धरून १३१. चारशेपार गेलेला हा डाव खरे तर दोन माणसांनी उभा केला होता. इतर फलंदाजांपैकी आणखी एक जरी टिकला असता, तर सामना वेगळ्या वाटेने गेला असता असे मला वाटते.

मुंबईकडे २४४ धावांची आघाडी होती, तरी तिने फॉलोऑन दिला नाही. पुन्हा फलंदाजी घेतली आणि घेतली ती अशी, की ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. मर्चंट १५६, फडकर १६०. दोघांचीही दोन्ही डावांत शतके. मुंबईच्या या पद्धतीला पुण्यात 'खडूसपणा' म्हणतात. मुंबईकर हाच शब्द अभिमानाने मिरवतात. प्रतिस्पर्ध्याला एकही दार उघडे ठेवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता आणि त्याच शिरस्त्याने त्यांनी पुढे सलग पंधरा वर्षे करंडक सोडला नाही. मला तो आवडत नाही, पण त्याचा आदर वाटतो.

चौथ्या डावात महाराष्ट्रापुढे लक्ष्य होते ९५९ धावांचे.

हा आकडा आजही वाचताना चुकून छापला गेला असावा असे वाटते. चौथ्या डावात इतक्या धावा कोणीही, कुठेही केलेल्या नाहीत. आधीच्या दोन डावांत मिळून १३६५ धावा अडवण्यासाठी धावलेली, पाय भरून आलेली माणसे आता या लक्ष्यामागे जाणार होती. दीडशे-दोनशेत सर्व बाद होऊन घरी गेले असते, तरी कोणी बोट दाखवले नसते. धावफलकावर फक्त फरक मोठा दिसला असता.

महाराष्ट्र ६०४ धावा करून बाद झाला. रेगे यांनी पुन्हा शतक काढले, बरोबर १००. एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके करणारे ते या सामन्यातले तिसरे फलंदाज. शरद देवधर यांनी १४६ केल्या. पहिल्या डावात दोन माणसांनी पेललेले ओझे या वेळी अनेकांनी वाटून घेतले, कारण ही दोन शतके वजा केली तरी ३५८ धावा उरतात. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या चौथ्या डावात याहून मोठी धावसंख्या तोवर एकदाच झाली होती. १९३९ साली डर्बनला, इंग्लंडची ५ बाद ६५४. आजही महाराष्ट्राच्या त्या ६०४ जागतिक यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहेत. आणि हा डाव हरलेल्या संघाचा आहे.

सामना सात दिवस चालला आणि ११ मार्चला संपला. ३८ गडी बाद, २३७६ धावा, नऊ शतके. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा जगात आधी कधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, अंतिम सामन्यात तिने बडोद्याला ४६८ धावांनी हरवले आणि करंडक नेला. त्या नऊ शतकांत निंबाळकरांचे एकही नाही, ही नोंदही करायला हवी. डिसेंबरमध्ये ज्या माणसाने ४४३ केल्या, त्याच्या शतकाविना महाराष्ट्राने मार्चमध्ये सहाशे ओलांडल्या. संघ एका माणसाचा नव्हता, याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

काठियावाडविरुद्धचा एक आणि मुंबईविरुद्धचे दोन, अशा तीन डावांत महाराष्ट्राने १८३७ धावा केल्या. करंडक मिळाला नाही. अंतिम फेरीसुद्धा नाही.

हा पराभव का झाला, याची कारणे शोधायला फार खोल जावे लागत नाही. गोलंदाजी तोकडी होती. मुंबईचे अठरा गडी बाद करायला १३६५ धावा मोजाव्या लागल्या, म्हणजे एका गड्यामागे जवळजवळ शहात्तर. पुण्याच्या खेळपट्ट्या फलंदाजांना लाडावणाऱ्या होत्या आणि त्यांच्यावर वाढलेले गोलंदाज वेगापेक्षा चिकाटीवर विसंबून असत. दुसरे कारण आधी सांगितलेच आहे, माणसे टिकवण्याची ताकद संघटनेकडे नव्हती. मंत्री आणि फडकर यांच्या त्या सामन्यातल्या धावांची बेरीज नुसत्या शतकांचीच ४९१ होते. नाशिक आणि कोल्हापूर या दोन गावांनी महाराष्ट्राविरुद्ध काढलेल्या या धावा आहेत.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७०-७१ साली महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला. गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असल्याने सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा बदली संघ उतरला होता. त्यानेही महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. मला विचाराल, तर ३५४ धावांच्या पराभवापेक्षा हा अधिक जिव्हारी लागणारा आहे. १९९२-९३ साली अंतिम फेरीत पंजाबने हरवले, २०१३-१४ साली कर्नाटकाने. त्या शेवटच्या हंगामात केदार जाधव यांनी १२२३ धावा काढल्या होत्या.

आणि मग २०१९-२०. महाराष्ट्र 'क' गटात खेळत होता. ज्या संघाने देवधर, हजारे, निंबाळकर पाहिले, तो खालच्या पायऱ्यांवरून पुन्हा वर चढू पाहत होता. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०२० मध्ये, उत्तराखंडविरुद्धचा रणजी सामना बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर खेळला गेला. भवानीनगरहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर रणजीचा सामना! सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, लासुर्णे या पट्ट्यातल्या पोरांनी आजवर टीव्हीवर पाहिलेले खेळाडू त्यांच्या तालुक्याच्या शेजारी येऊन खेळले. संघ वरच्या गटात असता, तर मोठ्या नावांचे प्रतिस्पर्धी आले असते, हे खरे. पण आपल्याकडे रणजी आले ते संघाच्या पडत्या काळात, आणि ज्यांना संघ आपला वाटतो त्यांच्यासाठी एवढे पुरेसे होते.

आपल्या भागात आता टर्फच्या खेळपट्ट्या आहेत, अकादम्या आहेत, मुलींचेही संघ आहेत. मुले विचारतात, की महाराष्ट्राने शेवटचे कधी जिंकले? १९४१ हे उत्तर ऐकून ती हिरमुसतात. त्यांना १९४९चे धावफलकही दाखवावेत. बारामतीच्या स्टेडियमवर, शाळांच्या क्रीडाकक्षांत, जिथे विजेत्यांच्या याद्या लावल्या जातात तिथे हा एक सामनाही मोठ्या अक्षरांत लावावा, दोन्ही संघांच्या सगळ्या नावांसह. एका कसोटीनंतर वगळलेल्या माणसाने पाच आठवड्यांत मुंबईविरुद्ध दोन शतके काढली, हे सोळा वर्षांच्या ज्या पोराला निवड चाचणीत नुकतेच बाजूला काढले आहे त्याला ठाऊक असले पाहिजे.

शेवटी एक विनंती. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत त्या काळची स्कोअरबुके, वर्तमानपत्रांची कात्रणे, संघांची छायाचित्रे अजून असण्याची शक्यता आहे. माळ्यावरच्या ट्रंकांत ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी मूळ कागद स्वतःपाशी ठेवावेत आणि त्यांच्या प्रती करून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. त्यावर सामन्याची तारीख, मैदान आणि छायाचित्रातल्या प्रत्येकाचे नाव, जेवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तेवढे, पेन्सिलीने मागे लिहून ठेवावे.